केबलमध्ये २६ वर्षं गेली, आता कंपनी म्हणते दोनपैकी एक निवडा

प्रश्न

पत्र लांबलचक होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. लिहिणारे गृहस्थ ४८ वर्षांचे, पश्चिम महाराष्ट्रात राहतात. बारावीनंतर काही वर्षं इकडेतिकडे काम केलं आणि १९९९ साली एका केबलवाल्याकडे वसुलीला लागले. मग कंट्रोल रूम (जिथून भागात चॅनलांचा सिग्नल सुटतो), २००६ पासून एका एमएसओ कंपनीत (केबलवाल्यांना सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी), आणि आता तीन जिल्ह्यांचे ऑपरेशन्स हेड. त्यांच्या भागातले चालू सेट-टॉप बॉक्स पाच-सहा वर्षांत निम्म्यावर आलेत. कंपनीनं दोन कागद पुढे ठेवलेत. एक, आठ महिन्यांचा पगार घ्या आणि राजीनामा द्या. दोन, ब्रॉडबँड विभागात या, पगार ३० टक्के कमी, आणि वर मॅनेजर ३३ वर्षांचा. तिसरी वाट ओळखीच्या चार केबल ऑपरेटरांनी काढलीय, "साहेब, नोकरी सोडा, आपण स्वतःचं इंटरनेट काढू, तुम्ही २५ लाख टाका, अख्खी लाइन (सगळे केबलवाले) तुमच्यामागे येईल." पैसे पीएफ काढून आणि घरावर टॉप-अप लोन घेऊन उभे करायचा विचार आहे. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते अजून सहा वर्षं. ते लिहितात, "सगळं आयुष्य मरणाऱ्या धंद्यात घातलं. डिग्री नाही, बाहेर मला कोण विचारणार? भाचीच्या लग्नात एकानं विचारलं काय करता, तर मी टेलिकॉममध्ये आहे म्हणून सांगितलं. रात्री तीनला जाग येते ती येतेच, मग मेडिकलमधून गोळी आणतो. बायकोच्या पगारावर बसायची वेळ येणार असं दिसतंय. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय."

उत्तर

नमस्कार दादा,

आठ महिने, तीस टक्के, पंचवीस लाख, सगळे आकडे तुम्ही व्यवस्थित मांडलेत, पण मला वाटतं तुमची झोप उडवलीय ती भाचीच्या लग्नातल्या त्या ओळीनं. ज्या कामावर घर उभं राहिलं, मुलगी इंजिनीअरिंगपर्यंत गेली, त्या कामाचं नाव चारचौघांत घ्यायला जड वाटावं इतकं ते तुमच्याच नजरेतून उतरलंय. आणि अशा वेळी माणूस समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळा होतो, कारण आपली किंमत त्यानं आधीच मनात पाडून घेतलेली असते. म्हणून आधी त्याबद्दल बोलू, कागदांकडे मग येते.

"मरणाऱ्या धंद्यात आयुष्य घातलं" असं तुम्ही म्हणता. तुम्ही लागलात तेव्हा हा धंदा मरत होता का हो? झी टीव्ही १९९२ च्या ऑक्टोबरात आलं, केबलचा कायदा १९९५ चा, म्हणजे तुम्ही शिरलात तेव्हा सगळं नवंनवं होतं, गच्च्यांवरून वायरी चालल्या होत्या आणि प्रत्येक गल्लीला कनेक्शन हवं होतं. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं तरी तो वाढतच होता. बाविसाव्या वर्षी वाढत्या धंद्यात शिरलेल्या माणसानं तो पंचवीस वर्षांनी आक्रसला म्हणून स्वतःला दोष द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

आक्रसलाय हे मात्र खरं, त्याबद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पैसे देऊन टीव्ही बघणारी घरं, केबल आणि डिश दोन्ही धरून, २०१८ ला देशात साधारण १५ कोटी होती ती २०२४ पर्यंत ११ कोटींच्या आसपास आली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला, २०१९ च्या फेब्रुवारीत चॅनलनिहाय दर आले आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा बिलाकडे डोळे उघडून बघायला लागलं, ज्यांना परवडेना ते डीडी फ्री डिशकडे गेले, ज्यांना परवडत होतं ते फायबर आणि ॲपकडे, आणि २०२३ ला आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली तेव्हा क्रिकेटसाठी बॉक्स चालू ठेवणारी पोरंही गेली. यातलं काय तुमच्या हातात होतं? तुम्ही जास्त राबला असतात, वसुली आणखी घट्ट केली असती, तरी तीन जिल्ह्यांतले बॉक्स तुम्ही एकट्यानं कसे थांबवणार होता?

आणखी एक, जे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. धंदा अजून संपलेला नाही, ११ कोटी म्हणजे काही थोडी घरं नाहीत. पण तुमची जी पोस्ट आहे, मधली, जिल्ह्याची, ती धंद्यापेक्षा लवकर जातेय, आणि त्याचं कारण नुसतं ओटीटी नाही. पूर्वी बॉक्स चालू करायचा तर केबलवाला तुमच्या ऑफिसला फोन करायचा, थकबाकी असली की चहा पीत बसायचा, मग तुम्ही कुणाला तरी सांगून लाइन सोडायचात. आता तो स्वतःच्या मोबाइलवर वॉलेट भरतो, पोर्टलवर जाऊन बॉक्स चालू-बंद करतो, पैसे आधी, सिग्नल नंतर. जिल्ह्याजिल्ह्याच्या कंट्रोल रूम होत्या त्यांच्या जागी लांबून फायबरवरनं सिग्नल येतो. वसुली, ॲक्टिव्हेशन, कंट्रोल रूम, ज्या तीन कामांवर तुमची खुर्ची उभी होती ती तिन्ही सॉफ्टवेअरनं घेतली. हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढे कुठल्या कामात शिरायचं नाही हेही कळेल. दुसऱ्या एखाद्या एमएसओत हीच पोस्ट मिळाली तर बरं, असं मनात असेल तर ते काढून टाका, दोन वर्षांत पुन्हा याच जागी याल.

आता "बाहेर मला कोण विचारणार" याबद्दल. डिग्री नाही म्हणून तुम्ही स्वतःला कोरा कागद समजताय. डिजिटायझेशनचे, म्हणजे सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले ते दिवस आठवा. मुंबईला २०१२ च्या ऑक्टोबरअखेरची मुदत होती, पुणे-नाशिक-नागपूरला २०१३ च्या मार्चअखेरची, बाकीच्या शहरांना २०१५ च्या डिसेंबरअखेरची. घराघरात बॉक्स बसवायचा, घराघराचा फॉर्म भरून घ्यायचा, फॉर्मवरचं नाव, पत्ता, बॉक्सचा नंबर आणि सिस्टिममधली नोंद एकमेकांशी जुळवायची. गोण्यांनी फॉर्म यायचे, अर्ध्यांवर फोटो नाही, तिसऱ्याच माणसाची सही, एका बिल्डिंगचे सगळे बॉक्स एकाच नावावर. ज्या केबलवाल्यानं जन्मभर आपली खरी कनेक्शनं कुणाला सांगितली नाहीत त्याच्याकडनं तुम्हाला ती कागदावर घ्यायची होती. आणि पुढे २०१९ ला, शंभर चॅनलांचे १३० रुपये, त्यावर जीएसटी धरून १५३, वर पे चॅनलचे वेगळे, हे गणित आधी केबलवाल्यांना, मग त्यांच्या पोरांना, मग काउंटरवर आलेल्या आजींना समजावायचं, की आजी, तुमची मालिका या पॅकमध्ये आहे पण नातवाचं कार्टून नाही. ते सगळं ज्यानं तीन जिल्ह्यांत पार पाडलं त्या माणसाला बाहेर कुणी विचारणार नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

शिवाय तुम्हाला रस्ते माहितीयत. कुठल्या गल्लीत वायर कुठून येते, महावितरणच्या कुठल्या पोलवरून न्यायला देतात आणि कुठल्यावरून नाही, नगरपालिकेत रस्ता खोदायची परवानगी कुणाच्या टेबलावर अडते, कुठल्या सोसायटीचा चेअरमन गच्चीची किल्ली देत नाही. फायबर टाकणाऱ्या कंपन्यांचं घोडं नेमकं इथं अडतं. केंद्रानं १ जानेवारी २०२५ पासून राइट ऑफ वेचे (वायर, खांब न्यायच्या परवानगीचे) नवे नियम आणले, अर्ज पोर्टलवर झाले, ते ठीकच आहे, पण खांब आणि चेअरमन आहेत तिथंच आहेत, आणि त्यांच्याशी बोलणारा माणूस लागतोच.

पण दादा, इथंच मला तुम्हाला एक अवघड गोष्ट विचारायचीय, राग मानू नका. "अख्खी लाइन तुमच्यामागे येईल" असं ते चौघं म्हणतात आणि तुम्हाला ते खरं वाटतंय. आज तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, दिवाळीला घरी मिठाई येते, कुठल्याही तालुक्याला गेलात तरी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. यातलं तुमचं किती आणि तुमच्या खुर्चीचं किती? बॉक्स बंद करण्याची ताकद, थकबाकीत मुदत देण्याची ताकद, नव्या एरियाचा वाद आपल्या बाजूनं मिटवण्याची ताकद ज्याच्या हातात असते त्याला सगळेच मानतात. तो मान खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण तो दोन गोष्टींचा बनलेला असतो आणि नोकरीत असताना त्या वेगळ्या करून बघायची वेळच येत नाही. तुमच्या तिन्ही पर्यायांचा निकाल याच्यावर अवलंबून आहे, म्हणून राजीनाम्याआधी हे तपासून बघा.

तपासायचं कसं, तर सोपं आहे. चौघांपैकी प्रत्येकाला एकेकट्याला भेटा, चौघं एकत्र असताना नको. आणि म्हणा, मी पंचवीस टाकतो, तू किती टाकतोस, आणि कधी? तुझी किती कनेक्शनं पहिल्या सहा महिन्यांत नव्या इंटरनेटवर येतील ते कागदावर लिहून देशील? घरात कुणाच्या नावानं भागीदारी करणार? ज्याचे पैसे आणि सही दोन्ही येतात तो तुमच्यामागे येणारा. "साहेब, पैशाचं काय, तुम्ही पुढे व्हा, आम्ही आहोतच" असं जो म्हणतो त्याला तुमची खुर्ची हवीय, आणि नोकरी सोडलीत की ती खुर्ची तुमच्याकडे नसणार हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

त्या पंचवीस लाखांचं गणितही नीट मांडू. स्वतःचं इंटरनेट म्हणजे एक तर आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं लायसन घ्यायचं (देशभराचं ए, टेलिकॉम सर्कलचं, म्हणजे साधारण एका राज्याचं बी, छोट्या भागाचं सी), नाही तर दुसऱ्या कुणाच्या लायसनखाली फ्रँचायझी. मग बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटचा घाऊक पुरवठा, दर महिन्याला विकत घ्यायची, गिऱ्हाईक येवो न येवो. ओएलटी (फायबरच्या सगळ्या लाइनी जिथून निघतात ते मशिन), फायबर, स्प्लायसिंग (फायबर जोडणं), प्रत्येक घरात एक ओएनटी (फायबरचा मोडेम), बॅटरी बॅकअप, रात्री लाइन तुटली तर जाणारी दोन पोरं, कॉल घेणारं कुणीतरी. आणि विकायचं कितीला? जिओनं २०२० सालीच ३९९ रुपयांचा प्लॅन आणला, तेव्हापासून छोट्या शहरात साधारण तोच आकडा गिऱ्हाईकाच्या डोक्यात बसलाय, तुमची सर्व्हिस कितीही चांगली असली तरी त्याच्या फार वर जाता येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी पैसे नुसते जाणार. हप्ते चालू आहेत, मुलीचं शेवटचं वर्ष तोंडावर आहे, अशा वेळी पीएफ मोडून आणि राहतं घर पुन्हा गहाण टाकून हे करू नका. हे मी ठामपणे सांगतेय. धंदा वाईट आहे म्हणून नव्हे, कितीतरी केबलवाल्यांनी याच वाटेनं संसार सावरलाय, पण त्यांच्याकडे स्वतःची लाइन होती, स्वतःचं गिऱ्हाईक होतं. तुमच्याकडे त्यातलं काही स्वतःचं नाही, ते त्या चौघांचं आहे, आणि कर्ज मात्र तुमच्या एकट्याच्या नावावर राहणार.

हीच इच्छा कमी जोखमीत पुरी करता येते. बीएसएनएलचं फायबर स्थानिक भागीदारांमार्फत चालतं, महसुलात वाटा मिळतो, एअरटेलसारख्या कंपन्याही छोट्या शहरांत केबलवाल्यांना पार्टनर करून घेतात. लायसनची आणि बँडविड्थची डोकेदुखी त्यांची, शेवटच्या टप्प्याची लाइन आणि गिऱ्हाईक तुमचं. गावाकडे जायची तयारी असेल तर भारतनेट, म्हणजे गावोगावी फायबर न्यायची केंद्राची योजना आहे, २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पुढच्या टप्प्याला १.३९ लाख कोटींची मंजुरी मिळाली आणि गावातलं घरोघरचं कनेक्शन आणि देखभाल स्थानिक उद्योजकांमार्फत करायचं त्यात ठरलंय. तुमच्या चौघा मित्रांना खरोखर काही करायचं असेल तर आधी त्यांनी आपल्या भागात असं काहीतरी करून दाखवू दे, तुम्ही सुटीच्या दिवशी नुसता सल्ला द्या (तोही तुमच्या सध्याच्या कंपनीच्या हिताआड येत नसेल तरच). वर्षभरात कळेल कोण टिकतंय.

आता कंपनीचे दोन कागद. आठ महिन्यांचा पगार ऐकायला मोठा वाटतो, पण ३० टक्के कपातीच्या पगारात तो मोजला तर साधारण साडेअकरा महिन्यांचा होतो. म्हणजे ब्रॉडबँडला जाऊन एक वर्ष काढलंत तरी पैसे तितकेच हातात आले, वर पीएफ चालू, मेडिक्लेम चालू आणि फायबरचं काम शिकून झालं. हा हिशेब मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी बायकोसमोर मांडला असता.

पण या कपातीत एक मोठी गोम आहे आणि ती तुमच्यासारख्या बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रॅच्युइटी मुख्यतः शेवटच्या बेसिक आणि डीएवर निघते, त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. उदाहरणादाखल बेसिक ४० हजार धरलं तर १९ वर्षांची ग्रॅच्युइटी ४ लाख ३८ हजारांच्या आसपास जाते. तेच बेसिक ३० टक्क्यांनी कमी करून २८ हजार केलं आणि वर्षभरानं तुम्ही सोडायचं ठरवलंत, तर त्याच १९ वर्षांचे ३ लाख ७ हजार. नवीन पोस्टच्या एका वर्षाची कपात मागच्या एकोणीस वर्षांना लागली. म्हणून होय म्हणण्याआधी एचआरला लेखी विचारा की कपात कशात आहे, बेसिकमध्ये की भत्त्यांत. बेसिक तसंच ठेवा, कपात भत्त्यांतून किंवा इन्सेंटिव्हमधून करा, हे मागणं अगदी रास्त आहे आणि कंपन्या कित्येकदा मान्यही करतात, पण कुणी मागत नाही. तसंच पॅकेजच्या कागदात आठ महिन्यांमध्ये ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, नोटिसचा पगार धरलाय की त्याच्या वर आहे ते बघा. ग्रॅच्युइटी हा कायद्यानं तुमचा हक्क आहे, तिला पॅकेज म्हणून दाखवलं तर सरळ बोट ठेवा. टॅक्स किती कापला जाईल ते सीएला विचारून घ्या, त्याच्या फीकडे बघू नका.

ब्रॉडबँडची जागा खरी आहे की तुम्हाला तात्पुरतं बसवायला काढलीय, हेही शोधा. तुमच्या जिल्ह्यांत महिन्याला नवी कनेक्शनं किती लागतात, बंद किती होतात, फायबर कंपनीचं स्वतःचं आहे की भाड्याचं, टार्गेट काय आणि आधीच्या माणसानं त्यातलं किती गाठलं होतं. ही माहिती तुम्हाला फील्डच्या पोरांकडनं एका दिवसात मिळेल. कनेक्शनं वाढत असतील तर जा. आकडे पडलेले असतील आणि टार्गेट डोंगराएवढं असेल तर सहा महिन्यांनी परफॉर्मन्सच्या नावाखाली काढतील, पॅकेजही हातचं जाईल, तसं असेल तर पॅकेजच घ्या.

तेहतीस वर्षांच्या मॅनेजरबद्दल तुम्ही दोन ओळीच लिहिल्यात पण त्यातून दुखतंय ते कळतं. सरांना सर म्हणायची सवय आहे, पोराला सर म्हणायचं जड जातं. त्या पोराच्या बाजूनंही एकदा बघा ना. त्याला एक्सेल येतं, जीपॉन (घरोघरी फायबर नेण्याचं तंत्र) येतं, पण तुमच्या तीन जिल्ह्यांतला एकही केबलवाला त्याला ओळखत नाही आणि त्याला वरनं टार्गेट आहे. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे जाऊन सांगा, नेटवर्कचं मला शिकव, लोकांचं मी बघतो. तो समंजस निघाला तर सहा महिन्यांत तुमच्याशिवाय त्याचं पान हलणार नाही. नसला समंजस, तरी तुम्ही शिकायला गेलाय, तेवढं घेऊन बाहेर पडायचं. ओटीडीआर (फायबर तपासायचं मशिन) लावून फॉल्ट किती मीटरवर आहे ते स्वतः बघायला शिका, स्प्लायसिंग स्वतःच्या हातानं करून बघा, ओएलटीचं कॉन्फिगरेशन पोरांच्या शेजारी बसून समजून घ्या. हेडची पोस्ट होती तेव्हा हे करायला लाज वाटली असती, आता ती अडचण नाही.

काहीही निवडलंत तरी सोडताना दोन गोष्टी स्वच्छ ठेवा. गिऱ्हाइकांचा डेटा, केबलवाल्यांच्या थकबाकीच्या याद्या, यातलं काहीही स्वतःच्या पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर घेऊन जाऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी. "सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही" अशी अट काँट्रॅक्टमध्ये असली तरी आपल्याकडच्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे ती बहुतेक वेळा टिकत नाही, त्यामुळे तिला फार घाबरू नका, पण डेटा नेला तर तो वेगळाच मामला होतो आणि तिथं तुमची बाजू लंगडी पडते. दुसरं म्हणजे तोंडी दिलेले शब्द. तुमच्या लाइनमध्ये अर्धा कारभार शब्दावर चालतो, याला बॉक्समागे सूट, त्याला थकबाकीत सहा महिन्यांची मुदत, तिसऱ्याचा एरिया दुसऱ्याला देणार नाही म्हणून सांगितलेलं. तुम्ही खुर्चीवरून उठलात की नवा माणूस म्हणेल मला काही माहीत नाही, आणि केबलवाला म्हणेल साहेबांनी फसवलं. जायच्या आधी असे सगळे शब्द एका मेलमध्ये लिहून वरिष्ठांना पाठवा आणि ज्याला दिलेत त्यालाही सांगा की लिहून दिलंय. खुर्ची गेल्यावरही जो मान तुमच्यासोबत येतो ना, तो यातून येतो.

बायोडेटा करताना "ऑपरेशन्स हेड, केबल" एवढ्यावर थांबू नका. किती केबलवाले सांभाळले, महिन्याची वसुली किती होती, डिजिटायझेशनमध्ये किती बॉक्स किती दिवसांत लावले, किती लोकांची टीम होती, लाइन तुटल्यापासून चालू व्हायला सरासरी किती वेळ लागायचा, हे लिहा. आयएसपी, फायबर टाकणारे काँट्रॅक्टर, सीसीटीव्ही आणि सोसायट्यांच्या नेटवर्किंगची कामं घेणारे, सगळ्यांना हीच माहिती हवी असते. मुलीला सोबत घेऊन बसा, ती लिंक्डइनवर नीट मांडून देईल, आणि बाबा नक्की काय करत होते ते तिलाही बहुधा पहिल्यांदाच धड कळेल.

बायकोच्या पगारावर बसायची वेळ येणार, हे वाक्य मला खटकलं. इतकी वर्षं हप्ते, मुलीची फी, घरखर्च तुमच्या पगारातून चालला तेव्हा ती तुमच्या पगारावर बसली होती का? नाही ना, ती शाळेत जात होती, घर सांभाळत होती. आता वर्षभर तिच्या पगाराचा भार जरा जास्त होईल, इतकंच. तिला कंपनीचे दोन्ही कागद आणि चौघांचा प्रस्ताव, तिन्ही दाखवा, आकड्यांसकट. पत्रावरनं असं वाटतं की पंचवीस लाखांचं तिला अजून माहीत नाही. घर दोघांचं आहे, त्यावर कर्ज काढायचं तिच्या नकळत ठरवू नका. मुलीच्या शेवटच्या वर्षासाठी लागलंच तर शैक्षणिक कर्ज घ्या, त्यात कमीपणा नाही, पीएफपेक्षा ते बरं.

मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी मात्र थांबवायला हवी, पण परस्पर नको. आजच डॉक्टरकडे जा, कुठली घेता, किती दिवस, ते सांगा आणि ते म्हणतील तशी थांबवा, काही गोळ्या एकदम सोडल्या तरी त्रास होतो. तीनला जाग येणं, सकाळी उठवत नाही, कशात मन लागत नाही हे आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर ते नुसतं टेन्शन नसतं. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. महिनाअखेरची मुदत पाळायची म्हणून न झोपलेल्या डोक्यानं सही करू नका, एचआरकडे पंधरा दिवस लेखी मागून घ्या. बहुतेक वेळा मिळतात.

माझं मत विचाराल तर ब्रॉडबँड घ्या, बेसिक शाबूत ठेवायच्या अटीवर, आणि एक वर्ष मनापासून शिका. बेसिकवर कंपनी अडून बसली किंवा जागा पोकळ निघाली तर पॅकेज घ्या, ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि आयएसपीकडे नोकरी शोधा. पंचवीस लाखांचा विषय दोन्हीकडे वर्षभर बंद.

हे वाचणाऱ्यांत केबलवाल्यांकडची पोरंही असतील, वसुलीची, लाइनमनची कामं करणारी, ज्यांना कुणी पॅकेजही देणार नाही आणि पत्रही पाठवणार नाही, एक दिवस फक्त उद्यापासून येऊ नको म्हणतील. त्यांना सांगते, मालकाकडे स्प्लायसिंग मशिन आलं असेल तर त्याच्याजवळून हलू नका, शिकून घ्या. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर (पीएफ खात्याचा नंबर) स्वतःच्या मोबाइलवर चालू करा आणि पैसे खरंच भरले जातायत का ते बघा. आणि पाच वर्षं झाली असतील, मालकाकडे दहा किंवा जास्त माणसं असतील, तर ग्रॅच्युइटी तुमचीही आहे.